उताऱ्यातले सतरा शब्द

नागपूरच्या सदर भागातल्या त्या इमारतीचा जिना मी एके काळी दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचे. परवा चढले तेव्हा पहिल्या वळणावर थांबले, मग दुसऱ्यावरही. गुडघे दुखतात हे खरंच, पण सगळा दोष गुडघ्यांवर ढकलणंही बरोबर नाही. मला वर जायचंच नव्हतं. गेली चाळीसहून जास्त वर्षं मी या जिन्यानं एक गोष्ट सांगायची म्हणून चढले आणि ती न सांगताच उतरले. ज्यांना सांगायची ते सर मागच्या पावसाळ्यात गेले. गोष्ट माझ्याजवळ तशीच राहिली.

सरांची मुलगी मित्रा, तिचा फोन आला होता. "ताई, जागा खाली करून राहिलो आम्ही. टायपिंगच्या मशिनी भंगारवाल्याले देऊन टाकतो. तुम्हाले एखादी पाहिजे असन तं येऊन घेऊन जा. बाबाची आठवण म्हणून." मी येते म्हटलं. मशीन मला नको होतं. घरात माझ्याच वस्तू कमी करत चालले आहे मी. तरी येते म्हटलं, आणि मग चार दिवस गेलेच नाही. एक दिवस पाठ धरली, एक दिवस ऊन फार होतं, एक दिवस नुसतीच पडून राहिले. निवृत्तीनंतर माणसाला कारणांची कमतरता पडत नाही.

जिन्याच्या तोंडाशी पूर्वी सायकलवाला बसायचा. रबर जाळल्याचा आणि सोल्यूशनचा वास ओलांडून वर यावं लागायचं. आता तिथे मोबाईलची कव्हरं टांगलेली आहेत. मी मुद्दाम नाकानं ओढून पाहिलं, कसलाच वास आला नाही.

वर, दुसऱ्या मजल्यावर, ती लांब खोली. सरांचा टायपिंगचा क्लास. अकरा मशिनी, सात इंग्रजी आणि चार मराठी. त्यांच्याखाली लकडगंजातून आणलेली सागवानी टेबलं, आणि प्रत्येक टेबलाचा एक ना एक पाय आखूड. त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवणं हे रोजचं पहिलं काम. मग मशीनवरचं काळं कापड काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचं, कागद धरणारी कॅरेज एकदा रिकामीच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायची आणि मग कागद लावायचा. या क्रमात कोणी चुकलं तर सर बोलत नसत, फक्त नाक शिंकरत. त्या शिंकरण्याला आम्ही फार भ्यायचो.

वासांचं म्हणाल तर रिबनच्या शाईचा, शिलाई मशीनच्या तेलाचा, कार्बन पेपरचा आणि थंडीच्या दिवसांत संत्र्यांचा. रिबन बदलताना बोटं काळीनिळी व्हायची आणि ती शाई साबणाला दाद द्यायची नाही. सरांच्या टेबलावर एका डब्यात संत्र्याच्या साली ठेवलेल्या असत. साल बोटांत वाकवली की तिच्यातून बारीक फवारा उडतो, तो शाईवर चोळायचा. शाई सुटायची आणि हाताला दिवसभर संत्र्याचा वास राहायचा. बसमध्ये शेजारची बाई विचारायची, संत्री कुठून आणली वं?

उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. त्यांच्यावर पाणी मारलं की खोलीभर ओल्या मातीचा गारवा यायचा आणि कागद मऊ पडायचे. मऊ कागदावर अक्षर फुटतं, म्हणून मे महिन्यात सर कागद ट्रंकेत ठेवत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या मशिनी रॉकेलनं धुवायच्या. फुलं नाहीत, हळदकुंकू नाही. नुसतं रॉकेल, जुना ब्रश आणि जुनं धोतर. दुसऱ्या दिवशी क्लास बंद. सर पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जात. तरुणपणी त्यांनी तिथेच आईचा हात धरून दीक्षा घेतली होती. मी सीताबर्डीच्या एका ब्राह्मण घरातली. आमच्याकडे त्या दिवशी आपट्याची पानं वाटली जात. मशिनी धुताना मात्र आम्ही सगळे सारखेच काळे व्हायचो.

अकरा मशिनी एकदम चालू झाल्या की खालच्या माणसाला वाटावं, वर कोणी चणे फोडतंय. त्या गदारोळात सर आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसत. तेव्हाच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. पण त्यांना आमचे कागद पाहावेच लागत नसत. "चौथ्या मशीनवाली, करंगळी काहून उचलून राहिली? चहा पिऊन राहिली का तू?" चौथ्या मशीनवर मी होते. मागे वळून न पाहता यांना माझी करंगळी दिसते कशी, याचं पहिल्या महिन्यात मला नवल वाटायचं. पुढे पुढे राग यायचा.

तर उतारा. परीक्षेआधीचे दोन महिने सर रोज एकच उतारा टाईप करायला लावायचे. दुसऱ्या संस्थांत वृक्षारोपणाचे, अल्पबचतीचे, संतुलित आहाराचे उतारे असत. आमच्याकडे होती इंग्रजांची एक पाणबुडी. इंग्रजी मशीनवाल्यांना इंग्रजीत, आम्हा मराठीवाल्यांना सरांनी स्वतः केलेल्या भाषांतरात. "सदर पाणबुडी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाण्यात सोडण्यात आली, परंतु तिच्या चाचण्या पूर्ण होण्यापूर्वीच तह झाल्याने तिला युद्धात भाग घेता आला नाही." अशी सुरुवात. मग ती कुठे कुठे गेली. पोर्टस्मथ, माल्टा, सुएझ, सिंगापूर, हाँगकाँग. चीनच्या समुद्रात ती काही वर्षं होती. तिथे तिनं सराव केला, एका वादळात तिचा शिडाच्या काठीएवढा खांब वाकला, एकदा तळाशी रुतली आणि भरतीला सुटली. कप्तान बदलले, रंग बदलला. परतीच्या वाटेवर ती मुंबईला थांबली. शेवटी इंग्लंडात राखीव ताफ्यात काही काळ बांधून ठेवली आणि दुसरं युद्ध सुरू व्हायच्या आतच मोडीत काढली. दोन युद्धांच्या मधलं आयुष्य. एकही टॉर्पेडो तिनं कोणावर मारला नाही.

नागपूरहून समुद्र जवळ नाही. आमच्यातल्या निम्म्या मुलींनी तो पाहिलेला नव्हता. आम्हाला पाणबुडी अंबाझरीच्या तलावात दिसायची. रविवारी तिथे गेलं की कोणीतरी म्हणायचंच, "थांब वं, निघनच आता वर." आम्ही तिला 'म्हातारी' म्हणायचो. "म्हातारी किती मिनिटांत झाली?" "माझी तं आज माल्ट्यालेच बुडाली." आणि असं हसत हसत आम्ही ती दिवसाला तीनदा, चारदा, कधी सहादा टाईप करायचो.

टाईप करणारा माणूस वाचत नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही. अक्षर डोळ्यांतून शिरतं आणि बोटांतून बाहेर पडतं, मध्ये कुठे थांबत नाही. नंतर मी छत्तीस वर्षं सरकारी कचेऱ्यांत हेच केलं. नागपूर, गडचिरोली, भंडारा, पुन्हा नागपूर. माझं सर्व्हिस बुक परवा कपाटात सापडलं, चाळलं. अमुक तारखेस रुजू, अमुक तारखेस कार्यमुक्त, अर्जित रजा, वेतनवाढ. म्हातारीचंच चरित्र ते. वाचून थकवा आला आणि मी ते परत जागच्या जागी ठेवून दिलं.

आता चूक सांगते.

परीक्षेत दहा मिनिटांत तीनशे शब्द लागत. सरांचा उतारा तीनशे सतरा शब्दांचा होता. ते सतरा शब्द आमच्या जिवावर यायचे. घड्याळ लावून बसलं की शेवटचे सतरा शब्द नेहमी राहून जायचे, मुली रडकुंडीला यायच्या. मी पास झाले, पहिली आले, आणि नोकरीचा हुकूम येईपर्यंत क्लासमध्ये सरांना मदत करू लागले. उताऱ्याच्या प्रती काढायची जुनी स्टेन्सिल फाटली होती. सर म्हणाले, "नवीन तू कापून दे. माझे डोळे आता स्टेन्सिलचे राहिले नाहीत." केवढा मान वाटला होता मला! स्टेन्सिल कापायची म्हणजे रिबन काढून टाकायची आणि नुसत्या अक्षरांनी मेणकागद भोसकायचा. चुकलं तर तो लाल, औषधासारखा वास येणारा द्रव लावायचा आणि फुंकर मारत बसायचं. त्या कामाला नुसता हात पुरत नाही, म्हणून पहिल्यांदाच मी तो उतारा वाचला.

आणि वाचताना मला दिसलं की मधलं एक वाक्य बाकीच्यांत बसत नाही. सगळा उतारा कप्तानांचा, बंदरांचा, तारखांचा. मध्येच मुंबईच्या गोदीत कोणी एक मजूर येतो. मी मोजलं. बरोबर सतरा शब्द. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. हे वाक्य काढलं की तीनशे पुरे. मुलींचं भलं होईल, आणि उताराही बरा दिसेल. खरं सांगायचं तर दुसरं कारण आधी आलं होतं मनात. पाणबुडीच्या इतिहासात मजूर कशाला, असं मला वाटलं. एकोणीस वर्षांची होते. तेवढं म्हणून सुटका होत असेल तर बघावं.

मी ते वाक्य गाळलं. सरांच्या हातचा मूळ कागद होता, त्यावर बोटांची शाई पुसली आणि तो टोपलीत टाकला. शंभर प्रती काढल्या. सायक्लोस्टाईलची दांडी फिरवताना दर फेरीला एक ओला कागद बाहेर पडायचा. मी ते दोरीवर चिमटे लावून वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी नव्या उताऱ्यावर पहिली तुकडी बसली. सर पाठ करून, डोळे मिटून ऐकत होते. टाईप चालू झालं. अर्ध्याच्या जरा पुढे गेल्यावर सरांनी मान वर केली. डोळे उघडले नाहीत. शेवटची घंटी वाजली तेव्हा म्हणाले, "लवकर झालं आज."

"पोरी तयार झाल्या सर," मी म्हटलं.

"हाव," ते म्हणाले, आणि संत्र्याच्या सालींचा डबा उगीच उघडून परत बंद केला.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी माझा हुकूम आला. पेढे घेऊन गेले. दुपार होती, क्लास सुटलेला. सरांनी मला समोर बसवलं आणि आपणहून बोलू लागले. सर आपणहून बोलत नसत, म्हणून ते बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

"तुले कधी वाटलं नाही का वं, नागपुरात बसून आपण पाणबुडी काहून टाईप करतो?"

वाटलं होतं, मी म्हटलं.

"माझा बाप मुंबईले गेल्ता, गोदीत. अंगानं बारीक होता. ही बोट गोदीत आली तं त्याले तिच्या पोटातल्या टाक्यांत सोडत. भोक एवढंसं." त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यासमोर एक गोल केला, ताटाएवढा. "आत अंधार. गंज खरवडायचा अन् शेंदूर लावायचा. लोखंडाले शेंदूर लावतात, माहीत हाय? हनुमानाले लावतो तोच. बाप म्हणे, आमाले देवळाच्या आत जाऊ देत नव्हते, पण शेंदूर लावाले दिला. तिथून खोकला घेऊन आला. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा गेला."

सरांनी हातांचा गोल मोडला आणि हात टेबलावर ठेवले.

"वाचता येत नव्हतं त्याले. पण बोटीवर जे अक्षर अन् आकडे रंगवले होते ते त्यानं ध्यानात ठेवले होते. चुलीतला कोळसा घेऊन जमिनीवर काढून दाखवे. एक इंग्रजी अक्षर, दोन आकडे. मी आयुष्यात पहिल्यांदा लिहाले शिकलो ते हे. त्याच्यावरूनच मंग बोट सापडली. रद्दीत एक पुस्तक भेटलं, त्यात तिचा सगळा इतिहास. बाप त्यात कुठंच नाही. इंग्लंडले पत्र टाकलं. उत्तर आलं, चांगलं आलं, सभ्य माणसं. म्हणे अधिकाऱ्यांची नावं हायेत, गोदीतल्या स्थानिक मजुरांची नावं ठेवली जात नव्हती." सरांनी नाक शिंकरलं. "म्हटलं ठीक हाय. तुम्ही नाही ठेवलं तं मी ठेवतो. मराठी उताऱ्यात टाकून देलं. दरसाली साठ-सत्तर पोरं माझ्या बापाचं नाव टाईप करतात. कोण, काय, कोणाले माहीत नाही. पण करतात."

एवढं बोलून ते थांबले. त्यांचे गढूळ झालेले डोळे माझ्या दिशेनं लागलेले. खिडकीबाहेर वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं. मला त्या क्षणी बोलायला हवं होतं. नवी स्टेन्सिल कापायला तासभर पुरला असता. पण माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता, पर्समध्ये नोकरीचा हुकूम होता, आणि सरांच्या नजरेत मी पहिली आलेली मुलगी होते. मी म्हटलं, "सर, पेढा घ्या ना."

त्यांनी घेतला.

त्यानंतर दर आषाढी पौर्णिमेला मी जात राहिले. बदलीवर असले तरी रजा टाकून. कधी संत्रा बर्फी, कधी शाल, एकदा त्यांच्या ऑपरेशननंतर डोळ्यांचा काळा चष्मा. ते माझ्या कचेरीतल्या साहेबांची चौकशी करत, पगार वाढला का विचारत. मी तासभर बसे. खोलीत मशिनी चालू असत, आणि त्यातल्या चार मराठी मशिनींवर माझा तीनशे शब्दांचा उतारा बडवला जात असे. शब्दामागून शब्द जाई, कुठे काही अडत नसे. मी चहा पीत ते ऐकत असे. पुढच्या वर्षी सांगू, असं म्हणून उठत असे. मग कॉम्प्युटर आले, आधी चार मशिनी मुक्या झाल्या, मग उरलेल्या सात. वर जाताना जिन्यावर आवाज येईनासा झाला. मला त्याचं बरंच वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

परवा मी वर पोचले तेव्हा खोली रिकामी होती. मित्रा एका टेबलाशी बसून बिलं फाडत होती. पन्नाशी ओलांडलेली, शाळेत मुख्याध्यापिका आहे, केस कापलेले, चष्मा डोक्यावर.

"उशीर केला ताई तुम्ही. सकाळीच नेल्या त्यानं. अकराच्या अकरा."

भिंतीशी टेबलं तेवढी होती. प्रत्येकावर मशीनच्या चार रबरी पायांचे चार गोल ठसे, बाकीचं लाकूड उन्हानं फिकं पडलेलं. मी चौथ्या टेबलाशी बसले. मित्रानं थर्मासमधला चहा कपात ओतून दिला. बराच वेळ आम्ही सरांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोललो. दवाखाना, झोप लागत नव्हती, जेवण तुटलं होतं. मला वाटलं, आजही बसून उठणार मी.

"मित्रा," मी म्हटलं, "मी तुझ्या बाबांचं एक नुकसान केलं होतं."

तिनं बिलं खाली ठेवली. "उताऱ्याचं का?"

माझ्या हातातला कप मी टेबलावर ठेवला.

"त्याले पहिल्याच दिवशी कळलं होतं ताई. कानानंच तं ऐके तो. घरी आला अन् मायले म्हणे, पोरीनं एक ओळ खाल्ली." तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि परत डोक्यावर चढवला. "मी मोठी झाल्यावर भांडली त्याच्याशी. म्हटलं, तुमचा उतारा आहे, तुम्हीच टाका ना परत. तं म्हणे, नाही. जिनं काढली तिनंच टाकावी. येईन ती, सांगन. तुम्ही दर पौर्णिमेले यायच्या, बसायच्या, जायच्या. तुमची चप्पल जिन्यात वाजेनाशी झाली का तो मले इचारे, 'काही बोलली का वं तुयाशी?'"

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. इतकी वर्षं मला वाटत आलं की सरांना कळू नये म्हणून मी जपते आहे. त्यांनी पेढा घेतला होता, शाल घेतली होती, आणि दर वेळी मी जिना उतरून गेल्यावर मुलीला विचारलं होतं. मला फार थकल्यासारखं झालं. रडूही येईना. मी म्हटलं, "मला लाज वाटली गं. दुसरं काही नाही. पहिल्या वर्षी सांगायची लाज वाटली, आणि मग न सांगितल्याची वाटायला लागली."

मित्रानं बिलांचा गठ्ठा नीट केला. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि तेच बरं झालं. मग म्हणाली, "मीही तुमचाच उतारा शिकली ताई. तीनशे शब्दांचा. आपल्या आजोबाचं नाव मी कधी टाईप नाही केलं. ती ओळ काय होती, ते तरी सांगा. बाबाले इचारलं तं म्हणे, तिच्याजवळ आहे."

मी तोंड उघडलं. "नागपूरचा लहानू..." पुढे येईना. लहानूच्या पुढे त्याच्या बापाचं नाव होतं, हे आठवत होतं. नाव आठवत नव्हतं. शेकडो वेळा टाईप केलेलं वाक्य, ज्याच्यासाठी इतकी वर्षं झोप मोडली, ते मी कधी तोंडानं म्हटलंच नव्हतं.

"लहानू मले माहीत आहे," मित्रा म्हणाली. "त्याचा बाप कोण, ते आमच्या घरात आता कोणालेच माहीत नाही."

मी कप बाजूला सारला. चार ठशांच्या मध्ये, जिथे कळा असायच्या तिथे, लाकडावर हात ठेवले. डोळे मिटले. बोटं जाड झाली आहेत, डाव्या तर्जनीचा सांधा सुजलेला असतो. आधी काही झालं नाही. मग मी उताऱ्याच्या सुरुवातीपासून निघाले, सदर पाणबुडी, आणि बोटं टेबलावर चालू लागली. माल्टा गेलं, सुएझ गेलं. हाँगकाँगचे अर्धचंद्र आले. मुंबईपाशी आल्यावर मी वेग कमी केला आणि एकेक अक्षर जसं बोटांखाली येईल तसं मोठ्यानं म्हणत गेले. ल, ह, काना. न, खाली दीर्घ ऊकार. जागा सोडली. स, खाली ऱ्हस्व उकार. क. मग उजवी करंगळी आपोआप बाहेर सरकली, रू.

"सुकरू," मी म्हटलं. "लहानू सुकरू."

मित्रानं बिलाच्या पाठीमागे ते लिहिलं. पेन थांबवून तिनं ते नाव दोनदा हलक्या आवाजात म्हणून पाहिलं. तिच्या पणजोबाचं नाव. मग म्हणाली, "थांबू नका. हळू चालवा हात, मी लिहून राहिली."

बाकीचं वाक्य सरळ आलं. लिहून झाल्यावर तिनं शब्द मोजले, बोटानं, शाळेतल्या बाईसारखे.

"सतरा."

"सतरा," मी म्हटलं.

"आता मागचं-पुढचं मी म्हणतो, मले पाठ आहे. मधलं तुम्ही म्हणा." ती उभी राहिली. रिकाम्या खोलीत तिचा आवाज सरांसारखाच जरा नाकातून आला. "मुंबई येथे बोट सुक्या गोदीत घेण्यात आली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "या गोदीत नागपूरचा लहानू सुकरू हा मजूर बोटीच्या पोटातील टाक्यांत उतरला व त्याने गंज खरवडून शेंदूर लावला."

"त्यानंतर बोट एडनकडे रवाना झाली," मित्रा म्हणाली, आणि खाली बसली.

माझ्या उताऱ्यात बोट गोदीत शिरत होती आणि लगेच एडनला जात होती. इतकी वर्षं, इतक्या मुलामुलींच्या बोटांखालून ती तशीच गेली, आणि मध्ये तिला कोणाचा हात लागलाच नव्हता.